काजूच्या मागे, बडोद्याहून व्हिएतनामला: परदेशातला छोटा फील्ड कोर्स कसा निवडावा आणि कसा करावा

बडोद्याच्या हाथीखाना बाजारात सुक्या मेव्याचं एक जुनं दुकान आहे. तिथे काजूच्या डब्यांवर खडूने डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असं लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक मोठा दाणा की बारीक दाणा एवढंच बघतं आणि भाव करतं. ३२० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे दाणे भरतात. बडोद्यात काजू किलोवर विकला जातो, पण त्याची प्रत अजून पौंडात ठरते. मुळात काजू ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्याला आणला आणि त्याचं नावही तिकडूनच आलं. आज आपल्या गोडाच्या शिऱ्यात पडणारा दाणा कोकणातल्या झाडाचा असू शकतो, तसाच पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाचाही.

माझ्या विद्यार्थ्यांचा परदेशातला फील्ड कोर्स, म्हणजे जागेवर जाऊन, बघून, बोलून करायचा अभ्यास, या दुकानापासून सुरू होतो. गेली काही वर्षं मी पदवीच्या मुलामुलींना दोन आठवड्यांच्या अशा अभ्यासाला घेऊन जाते. आपल्या बडोदेकर मराठी घरांतून मला सारखं विचारलं जातं की एवढे पैसे घालून पोरं तिकडे शिकतात काय? चांगली आखणी नसेल तर काही शिकत नाहीत, हे खरं आहे. जागतिकीकरण हा एवढा मोठा शब्द डोक्यात घेऊन माणूस परदेशी गेला की त्याला विमानतळ, मॉल आणि बर्गरची दुकानं दिसतात आणि तो सगळीकडे सारखंच आहे म्हणत परत येतो. एकच वस्तू धरून निघालं तर मात्र रस्ता सापडतो. आम्ही काजू धरला. तुम्ही कापूस, औषधाची गोळी, रेल्वेचा डबा, काहीही धरा. पुढे जे सांगते ते काजूच्या आधाराने सांगते, पण पायऱ्या त्याच राहतात.

कोर्स निवडताना माहितीपत्रकात काय बघायचं

सगळ्यात आधी दिनक्रमाचा तक्ता मागा. बारा दिवसांत पाच शहरं असतील तर ती सहल आहे. सहलीत वाईट काही नाही, पण तिला कोर्स म्हणून पैसे भरू नका. एका ठिकाणी निदान पाच-सहा रात्री मुक्काम हवा, कारण बाजारात पहिल्या दिवशी आपण पाहुणे असतो, तिसऱ्या दिवशी लोक ओळखीचं हसतात आणि पाचव्या दिवशी स्वतःहून काही सांगतात.

दुसरं, तिकडचं यजमान विद्यापीठ कोण आहे? तिथला प्राध्यापक नुसता स्वागताचं भाषण करणार आहे की रोज सोबत राहणार आहे? तिथले विद्यार्थी आपल्या मुलांबरोबर जोडीने काम करणार आहेत का? या जोड्या असतील तर अर्धं यश पदरात पडलं असं समजा. भाषा, रस्ता, जेवण आणि गैरसमज, सगळं त्या जोडीदारामुळे सुटतं.

तिसरं, श्रेयांक, म्हणजे पदवीत धरले जाणारे क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या पदवी आराखड्यात क्षेत्रकामाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले आहेत. म्हणजे दोन श्रेयांकांचा कोर्स ६० तासांचा झाला. हे तास कसे मोजले आहेत ते लेखी मागा: निघण्यापूर्वी किती, तिकडे किती, परत आल्यावर किती. विमानातले आणि बसमधले तास त्यात धरलेले दिसले तर लगेच विचारा. तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून हे श्रेयांक अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात, जमा होतील का, याचं उत्तरही निघण्याआधीच पत्रावर घ्या. परत आल्यावर विचारणारी मुलं महिनोन् महिने खेटे घालतात.

विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणाऱ्या युरोपातल्या इरॅस्मस प्लस योजनेत छोट्या सघन कोर्ससाठी नियम आहे: प्रत्यक्ष प्रवास ५ ते ३० दिवसांचा आणि त्याला ऑनलाइन अभ्यासाचा भाग जोडलेलाच हवा. आपल्याकडे नियम नसला तरी हीच कसोटी लावा. ज्या कोर्सचा पहिला तास विमानतळावर सुरू होतो, त्यात मुलाला घालू नका.

निघण्यापूर्वी बडोद्यातच चार शनिवार

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा असं मनापासून वाटतं. ज्याला आपल्या गावात जग दिसत नाही, त्याला परदेशातही दिसत नाही.

पहिला शनिवार मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. महाराजा सयाजीराव १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले. नंतर अमेरिका बघून आल्यावर त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यात बोलावलं आणि गावोगावी वाचनालयं, फिरत्या पुस्तकपेट्या सुरू केल्या. मुलं तिथले लोखंडी मांडण आणि काचेची जमीन बघतात. मी त्यांना एकच गोष्ट लिहायला सांगते: परदेशात पाहिलेलं इथे आणताना त्यात काय बदल केले असतील?

त्याच दिवशी संध्याकाळी कमाटीबागेत जातो. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं गेलं आणि ते या बागेतल्या झाडाखाली बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांनी तिथे थोडा वेळ बसावं असं मला वाटतं. आपल्या शहराचं तेही देणं आहे.

दुसरा शनिवार महामार्गावर. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर सुरक्षित जागा बघून तासभर उभं राहायचं आणि जाणाऱ्या ट्रेलरांवरच्या कंटेनरचे क्रमांक लिहायचे. प्रत्येक कंटेनरवर चार इंग्रजी अक्षरं, मग सहा आकडे आणि शेवटी बहुधा चौकटीतला सातवा आकडा असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची आणि चौथं जवळजवळ नेहमी यू. ही अक्षरं पॅरिसच्या एका संस्थेकडे नोंदवलेली असतात. चौकटीतला आकडा आधीच्या अक्षरा-आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे लिहिताना चूक झाली की लगेच कळतं. मुलं घरी जाऊन मालक शोधतात आणि निघतात डेन्मार्कची मर्स्क, जिनिव्हाची एमएससी, तैवानची एव्हरग्रीन, चीनची कॉस्को. रोज कॉलेजला येताना ज्या पेट्यांमुळे ट्रॅफिक अडतो, त्या पेट्यांना त्या दिवसापासून नावं मिळतात. १९५६ मध्ये न्यूअर्कहून ह्यूस्टनला एका जहाजावरून असल्या ५८ पेट्या पहिल्यांदा गेल्या, हे त्यांना मी यानंतर सांगते. आधी सांगितलं तर ते परीक्षेपुरतं राहतं.

तिसरा शनिवार बडोद्याजवळच्या सावली गावाचा. तिथल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात बनलेल्या गाड्या दिल्ली मेट्रोत धावतात आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडलाही गेल्या आहेत. कारखान्यात प्रवेश मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर बाहेरचा चहावाला, भाड्याच्या खोल्या, शिफ्ट सुटायच्या वेळचा रस्ता बघा. कारखाना आल्यावर आजूबाजूचं गाव कसं बदलतं हा धडा भिंतीच्या बाहेरच नीट दिसतो.

चौथा शनिवार हाथीखान्यात. दुकानदार काका आमचे आता ओळखीचे झालेत. ते मुलांसमोर दोन-तीन प्रतीचे काजू ओततात आणि दाणे मोजायला लावतात. पाव किलोत किती दाणे आले, त्यावरून पौंडाचा हिशेब करायचा, मग डब्यावरचा आकडा बरोबर आहे का ते बघायचं. घरात कोणाचं तरी माहेर वेंगुर्ल्याकडचं किंवा आजऱ्या-चंदगडकडचं निघतंच, मग ओल्या काजूगराच्या उसळीवर बोलणं जातं. जाऊ द्या. त्या गप्पांतूनच कळतं की काजू सोलताना हात का खराब होतात. कवचातलं तेल इतकं दाहक असतं की कातडी सोलवटते. तेच तेल गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात आणि रंगांत वापरलं जातं.

या चार शनिवारांनंतर प्रत्येकाने एक प्रश्न लिहून द्यायचा, एका वाक्याचा. "जागतिकीकरणाचा व्हिएतनामवर परिणाम" हा प्रश्न मी परत देते. "यंत्र आल्यावर काजू सोलणाऱ्या बायकांचं काम कुठे गेलं?" हा ठेवते.

व्हिएतनामच का

व्हिएतनामने १९८६ मध्ये आर्थिक धोरण बदललं, आपण १९९१ मध्ये. जागतिक व्यापार संघटनेत आपण १९९५ पासून आहोत, ते २००७ मध्ये आले. पाच वर्षांनी पुढे निघालेला आणि बारा वर्षांनी मागून आत शिरलेला असा शेजारी तुलनेला चांगला. आणि काजू: सोललेल्या काजूच्या निर्यातीत एके काळी भारत सगळ्यात पुढे होता. २००६ च्या सुमारास व्हिएतनामने ती जागा घेतली आणि अजून सोडलेली नाही. यात गंमत अशी की त्यांचा कच्चा काजूही बराचसा बाहेरून येतो, कंबोडियातून आणि आयव्हरी कोस्टसारख्या आफ्रिकी देशांतून. झाड एका खंडात, सोलणं दुसऱ्या खंडात, खाणं तिसऱ्या खंडात.

कागद आणि पैसे

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा हवा. ३६ पानी नव्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळसाठी वर २००० रुपये. पोलीस पडताळणीला वेळ जातो, म्हणून निवड झाली त्याच आठवड्यात अर्ज करा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, एकदाच प्रवेश असलेल्याची फी २५ डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, नावासारखं नाव असलेल्या खासगी साइट्स जास्त पैसे घेतात. प्रवासाच्या कारणाच्या रकान्यात काय भरायचं ते यजमान विद्यापीठाला लेखी विचारा. पर्यटन लिहून कारखान्यात मुलाखती घेत फिरणं आपल्या मुलांनाही अडचणीचं आणि त्यांच्या प्राध्यापकांनाही.

एक गोष्ट खास गुजरातमधल्या घरांसाठी. इथल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं आणि वडिलांचं नाव मुलाच्या नावाला जोडून येतं. आमच्या एका विद्यार्थ्याने गुणपत्रिका समोर ठेवून व्हिसाचा अर्ज भरला आणि वडिलांचं नाव सुटलं. मी सगळ्यांचे व्हिसा छापून पासपोर्टशी पडताळायला बसले तेव्हा, निघायला सहा दिवस असताना, ते दिसलं. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, आणि व्हिसा आला तो आदल्या दिवशी संध्याकाळी. ती पडताळणी मी अर्ज पाठवण्यापूर्वी करायला हवी होती. आता एकाने भरायचं, दुसऱ्याने पासपोर्ट हातात धरून अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचं, मग पाठवायचं.

खर्चाचा तक्ता कलमवार मागा: विमान, राहणं, स्थानिक प्रवास, दुभाष्याचं मानधन, विमा, यजमान संस्थेची फी. "सगळं मिळून" असा एकच आकडा स्वीकारू नका. दुभाष्याचं कलम नसेल तर कोर्स कच्चा आहे. परदेशी टूर पॅकेज म्हणून पैसे भरलेत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आधीच वसूल होणारा आयकर, कापला जातो. तो कोणाच्या पॅनवर कापला गेला ते बघून पावती ठेवा, म्हणजे रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. ज्या घरांना एकरकमी पैसे जड जातात त्यांच्यासाठी कॉलेजने हप्ते ठरवावेत. मी यासाठी भांडते, कारण नाहीतर जग बघायला तीच ती घरं जातात.

शाकाहारी मुलांच्या आया फार काळजी करतात. एक शब्द पाठ करा: "चाय". व्हिएतनामी भाषेत याचा अर्थ शाकाहारी. "कम चाय" म्हणजे शाकाहारी भाताची खानावळ, आणि अशा खानावळी शहरात पुष्कळ आहेत. तिथले अनेक बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, आपल्याकडे तिथी पाळतात तसंच. साध्या भाज्यांत मात्र माशाचा सॉस असू शकतो, म्हणून चाय म्हणूनच मागा. सोबत मेतकूट आणि थेपले असू द्या.

तिकडचा एक दिवस

सकाळी एकच भेट. दुपारी दोन तास वही. संध्याकाळी तासभर सगळे एकत्र. यापेक्षा जास्त भरलं की मुलं बघतात खूप आणि लिहीत काहीच नाहीत.

वहीचं पान मधोमध रेघ मारून दोन भाग करायचे. डावीकडे जे दिसलं, ऐकलं, मोजलं तेवढंच. उजवीकडे आपल्याला काय वाटलं. "कामगार दुःखी दिसत होते" हे उजवीकडे. "पट्ट्याशी अकरा बायका, नऊ जणींना मास्क, दोन पंखे" हे डावीकडे. ज्या दिवशीचं त्या दिवशीच लिहायचं. दुसऱ्या दिवशी आठवणीत आपलंच मत मिसळलेलं असतं. फोटो कमी, चित्र जास्त. हाताने काढलेल्या वाकड्यातिकड्या आराखड्यात यंत्र कुठे, दार कुठे, मुकादम कुठे उभा असतो हे सगळं येतं.

हो ची मिन्ह शहराबाहेरच्या एका काजू कारखान्यात आम्ही गेलो तेव्हा गोदामात पोत्यांची थप्पी होती. बहुतेक मुलं यंत्रांकडे धावली. एक मुलगी पोत्यांपाशीच थांबली. पोत्यावर फ्रेंचमध्ये छपाई होती, आयव्हरी कोस्टचा माल. तिने वाकून शिवणीजवळचं बारीक अक्षर वाचलं: पोतं बांगलादेशात बनलेलं. म्हणजे बंगालचा ताग रिकामं पोतं होऊन आफ्रिकेला गेला आणि काजू भरून व्हिएतनामला आला. तिने डावीकडे तीन ओळी लिहिल्या आणि त्या पोत्याचं चित्र काढलं. तिचा अख्खा निबंध पुढे त्या पोत्यावर उभा राहिला.

मुलाखत आणि दुभाष्या

इथे चुका सगळ्यात जास्त होतात, म्हणून सविस्तर सांगते.

मालकासमोर कामगाराला पगार विचारायचा नाही. उत्तर खोटं येईल किंवा त्या माणसाला त्रास होईल. आधी परवानगी घ्या, नाव लिहू नका, फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि हो म्हणतानाही समोरचा अवघडलेला दिसला तर कॅमेरा खाली ठेवा. हा एकपक्षीय राज्यव्यवस्था असलेला देश आहे. राजकीय प्रश्न विचारून आपण दोन दिवसांत परत येतो, उत्तर देणारा तिथेच राहतो. कुठे जायचं, कोणाशी बोलायचं याची पत्रं यजमान विद्यापीठामार्फतच जाऊ द्यात.

प्रश्न हातातल्या कामाचे असू द्या. हे यंत्र कधी आलं? त्याआधी इथे किती जणी बसायच्या? आता त्या कुठे आहेत? नववर्षाच्या सुट्टीत गावी कसं जाता, किती तास लागतात? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातून माणूस कुठून कामाला आला ते कळतं आणि बोलणंही मोकळं होतं.

दुभाष्याला आदल्या दिवशी प्रश्न द्या आणि त्याच्याशी बसून एकेक शब्द ठरवा. तो तुमच्या आणि कामगाराच्या मध्ये नको, बाजूला बसू द्या, म्हणजे तुमची नजर बोलणाऱ्याकडे राहते. आमच्या एका मुलाखतीत काजू निवडणारी एक वयस्कर बाई दोनेक मिनिटं बोलली. दुभाष्या म्हणाला, "काम चांगलं आहे म्हणते." पण बोलताना ती दोन बोटं सारखी डोळ्यांकडे नेत होती. आमच्या विद्यार्थ्याने ते पाहिलं होतं. त्याने नम्रपणे विचारलं, "डोळ्यांबद्दल काय म्हणाल्या?" तेव्हा दुभाष्याने पुन्हा विचारून सांगितलं. दाण्याच्या रंगातला फरक ओळखून प्रत लावायची असते, आता तिला चष्म्यानेही तो नीट दिसत नाही, आणि रंग ओळखणारं यंत्र येणार असं तिने ऐकलं आहे. मुलाचा प्रश्न हात आणि सोलणं यावर होता. त्या रात्री त्याने तो खोडला आणि डोळ्यांवर नवा लिहिला. असं होऊ द्यावं. आखलेला प्रश्न तिकडे जाऊन बदलला नाही तर मला उलट काळजी वाटते.

परत आल्यावर

पहिल्या सात दिवसांत कच्चा मसुदा. त्यानंतर कॉलेज सुरू होतं, लग्नं निघतात, गणपती येतात आणि वही कपाटात जाते. तिकडच्या जोडीदार विद्यार्थ्याला मसुदा पाठवून चुका विचारा. त्यांच्या गावाबद्दल तुम्ही लिहिताय, पहिला वाचण्याचा हक्क त्यांचा. ज्यांचे फोटो काढले त्यांना छापून पाठवा, यजमान विद्यापीठामार्फत पोचतात.

मग एक सादरीकरण आपल्या भाषेत, कॉलेजबाहेर. आमचं दांडिया बाजारातल्या एका छोट्या हॉलमध्ये होतं, मराठीत, आणि आलेल्या गुजराती मंडळींसाठी मधून मधून गुजरातीत. आई-वडील, आज्या येतात. "सप्लाय चेन" हा शब्द न वापरता आजीला पोत्याची गोष्ट सांगता आली तर मी पूर्ण गुण देते.

शेवटी पुन्हा हाथीखाना. मुलांनी काकांना व्हिएतनामहून आणलेली पुडी दिली. त्यांनी दाणे तळहातावर घेतले, एक मोडून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, "बेन, दाणा बरा आहे. पण एवढी कवचं निघतात, त्यातलं तेल तिकडे कोण विकत घेतं?" आमच्यापैकी कोणीच ते विचारलं नव्हतं. पुढच्या तुकडीच्या वहीत पहिल्या पानावर तो प्रश्न लिहून ठेवला आहे.